गडावर चाकाने चढावे का?

मत्स्यपुराणातले प्रयागमाहात्म्य वाहनाच्या बाबतीत फार कडक आहे. बैलाच्या पाठीवर किंवा बैल जुंपलेल्या वाहनात बसून जो प्रयागाला जातो, त्याला नरक सांगितला आहे आणि त्याच्या हातचे पाणी पितरही घेत नाहीत असे म्हटले आहे. पुढच्या निबंधकारांनी यात हिशेबाची भर घातली: वाहन यात्रेचे अर्धे फळ खाते, छत्री आणि पादत्राणे त्याच्या निम्मे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवरची ही सगळी चर्चा एकत्र केली आहे. ती वाचताना बीड जिल्ह्यातला एखादा वारकरी बाप मनात येतो. त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा चालू शकत नाही, मान जेमतेम धरतो, आणि आषाढीला त्याला नारायणगडावर न्यायचे आहे. बाप तीन चाकांची ढकलगाडी घ्यायची म्हणतो. ती कोणती घ्यावी, हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न तो कदाचित मोठ्याने विचारणार नाही, पण गल्लीतले कोणीतरी विचारतेच: चाकावरून गेलेल्याची यात्रा लागते का?

हे दोन प्रश्न वेगवेगळ्या दुकानांतले वाटतात. एक सायकलवाल्याकडचा, दुसरा कीर्तनकाराकडचा. प्रत्यक्षात पहिल्याचे उत्तर नीट शोधत गेले की दुसऱ्याचे उत्तर त्यातच सापडू लागते.

नारायणगड हे बालाघाटाच्या डोंगररांगेतले संस्थान. नगद नारायण महाराजांची ही जागा. भगवानबाबांच्या आयुष्याचा सुरुवातीचा मोठा काळ याच गडाशी बांधलेला आहे. १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसरा मेळाव्यामुळे गडाचे नाव राज्यभर पोचले, पण मराठवाड्याला त्याची ओळख त्याच्या कितीतरी आधीपासून ‘धाकटी पंढरी’ म्हणून आहे. गडाची दिंडी आषाढीला पंढरपूरला जाते, आणि ज्यांना तिकडे जाणे होत नाही ते त्या एकादशीला गडावर येतात. या नावात आणि या रिवाजात एक मोठी धार्मिक समजूत आहे. पंढरी दूर आहे, सगळ्यांचे पाय तिथवर पोचणार नाहीत, म्हणून ती जवळच्या डोंगरावर आणलेली आहे. म्हातारी, बाळंतीण, आजारी, पेरणीत अडकलेला शेतकरी या सगळ्यांची असमर्थता परंपरेने आधीच मोजून घेतली आहे. जी पंढरी भक्तासाठी दीडदोनशे किलोमीटर पुढे येते, ती शेवटच्या चढावर त्याची चाके नाकारील, हे मानायला काही कारण दिसत नाही.

तरीही मत्स्यपुराणाचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. वारी ही चालण्याची साधना आहे. पाय सुजतात, टाचा फुटतात, ओल्या कपड्यांत रात्र काढावी लागते, आणि त्यातून अहंकार झिजतो, असा वारकऱ्याचा अनुभव आहे. मोटारीत बसून दर्शन घेऊन परतणाऱ्याला तो मिळत नाही. देहाच्या कष्टाला इथे अर्थ आहे. म्हणून त्या पुराणातला पुढचा श्लोक काळजीने वाचावा लागतो. तिथे म्हटले आहे की ऐश्वर्याने, लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून जातो, त्याचे तीर्थ निष्फळ होते. कारणे तीनच दिली आहेत. श्रीमंतीचा तोरा, हाव आणि भुरळ. पाय नसणे, पायात बळ नसणे, वय सहा महिन्यांचे असणे यांचा त्या यादीत पत्ता नाही. निषेध वाहनामागच्या वृत्तीचा आहे, आणि ज्याच्याकडे चालायला पायच नाहीत त्याच्या बसण्यात तोरा कसला?

आता गाडीकडे येऊ.

तीन चाकांची निवड ही केवळ दिसण्याची गोष्ट नाही, त्यात भूमिती आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून एक सपाटी जातेच, त्यामुळे तीन चाके कितीही उंचसखल जमिनीवर एकाच वेळी टेकतात. चार चाकांना हे साधत नाही. दगडगोट्यांच्या वाटेवर एक चाक अधांतरी राहते, गाडी डगमगते आणि आतल्या मुलाला प्रत्येक पावलाला हिसका बसतो. शिवाय पुढे एकच चाक असल्याने खड्डा चुकवायला एकच रेघ सांभाळायची असते. मात्र याची किंमत आहे. तीन चाकांचा आधार त्रिकोणी असतो. बसणाऱ्याचे वजन पुढचे चाक आणि मागचा आस यांच्या बरोबर मध्यावर आले, तर तिथे त्रिकोणाची रुंदी मागच्या निम्मीच उरते. तेवढ्याच रुंदीच्या चारचाकीपेक्षा ती गाडी कडेला लवकर कलंडते. म्हणून चांगल्या तीनचाकीत बैठक मागच्या आसाकडे सरकवलेली आणि जमिनीलगत असते. पण फार मागेही नको, कारण चढावर वजन आणखी मागे झुकते. त्यात मुठीला पाण्याची कॅन आणि प्रसादाची पिशवी लटकवली की गाडी पाठीवर उलटते. पिशवी बैठकीखाली ठेवावी, ही सूचना साधी आहे आणि घाटावर तीच सर्वात जास्त मोडली जाते.

नारायणगडाच्या परिसरात जमीन एकाच जातीची नाही. डांबरी रस्त्यावर कोणतीही गाडी चालते. रस्ता सुटला की मुरूम लागतो. हा बेसाल्टचाच झिजलेला चुरा, वर सुटे खडे. इथे दुकानातल्या देखण्या बाबागाडीची लहान, कडक प्लॅस्टिकची चाके खड्यांना अडून जागीच थबकतात. मोठे चाक खड्यावरून चढून जाते, लहान चाक त्याला धडकते. म्हणून पुढे १२ इंची आणि मागे १६ इंची, अशी चाके या जमिनीला बरी. शेताच्या बांधावरून वाट असेल तर काळी माती आली. आषाढात पहिले दोन पाऊस पडले की ती मेणासारखी चिकटते, चाक आणि चिखलरोधक पत्रा यांच्यामधल्या फटीत बसते आणि चाकच जाम होते. तिथे पत्रा काढून टाकता येणारी, फट मोठी असलेली गाडी हवी. नाहीतर ती वाट टाळून लांबचा डांबरी रस्ता घ्यावा. मुलाला पाठुंगळी घेऊन गाडी वेगळी ओढत नेण्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त चालणे केव्हाही परवडते.

हवेचे टायर धक्के पितात आणि या मुलखात बाभळीचे काटे त्यांना खातात. वेड्या बाभळीने तर रस्त्यांच्या कडा भरल्या आहेत. काटा रुतला आणि गडाच्या अर्ध्या वाटेवर ट्यूब बसली, तर मुलाचे आणि बापाचे दोघांचेही हाल. भरीव रबराचा किंवा फोमचा टायर पंक्चर होत नाही, पण हिसके तसेच आत पोचवतो. ज्या मुलाचा कणा नाजूक आहे त्याच्यासाठी हवेचाच टायर घ्यावा आणि ट्यूबमध्ये पंक्चर भरणारे द्रव्य घालून, जोडीला पंप ठेवावा. नुसत्या तान्ह्या, धडधाकट बाळासाठी भरीव टायर चालून जातो. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात नेणार असाल तर गणित पुन्हा बदलते. वाळूत अरुंद, टणक टायर रुततो. रुंद टायर हवा आणि त्यातली हवाही थोडी कमी करावी लागते.

पुढचे चाक सर्व बाजूंनी फिरणारे असावे की सरळ जखडलेले? गर्दीत आणि रांगेत फिरणारे चाक हवे, कारण गाडी जागच्या जागी वळवता येते. चढउतारावर तेच चाक थरथरते आणि खड्ड्यात शिरून आडवे होते, तिथे ते जखडून टाकावे. दोन्ही करता येणारी गाडी घ्यावी. गडावर दोन्ही प्रसंग एकाच दिवशी येतात.

चढाचा हिशेब तर प्रत्येक संस्थानाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. १२ फूट लांबीला १ फूट उंची, हे व्हीलचेअरच्या उताराचे मान्य प्रमाण. गाडी आणि मूल मिळून ४८ किलो असेल, तर या चढावर ढकलणाऱ्याला चाकांच्या घर्षणाखेरीज ४ किलोचा जोर सतत लावावा लागतो. उतार दुप्पट तीव्र झाला, ६ फुटांना १ फूट, की ८ किलो. थांबले तरी तो जोर सोडता येत नाही. चढताना माणूस दमतो, पण अपघात बहुधा उतरताना होतात. उतारावर वजन पुढच्या एकट्या चाकावर येते, आणि त्याच क्षणी गाडी वळवली तर त्रिकोणाच्या अरुंद बाजूवरून ती आडवी होते. हाताचा ब्रेक, मनगटात अडकवायचा पट्टा, मुलाला खांदे-कंबर-मांड्या धरणारा पाच टोकांचा पट्टा या तीन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. उतार फारच तीव्र असेल तर गाडी उलटी फिरवून, स्वतः खालच्या बाजूला राहून, पाठमोरे उतरावे.

बीडला चाकाचे हे शहाणपण नवे नाही. दसरा-दिवाळीनंतर इथली ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि ज्या टायरच्या बैलगाडीतून ऊस जातो तिच्यातच तान्ही पोरेही वाढतात. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची की रबरी टायर बसवायचा, कुठल्या वाटेला किती भार, उतारावर बैलाच्या मानेवर गाडी येऊ नये म्हणून काय करायचे, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. या लोकांकडून गाडी पारखून घ्यावी. शहरातल्या चकचकीत दुकानातला विक्रेता चाकांचा रंग सांगेल. हे लोक आधी आस वाकवून पाहतील.

तीन चाकांचा विचार आपल्याकडे दुकानांच्या फार आधी देवघरात झालेला आहे. ऋग्वेदात अश्विनीकुमारांचा रथ तीन चाकांचा आहे. पहिल्या मंडलातल्या ३४ व्या सूक्तात ऋषी त्याची तीन चाके कुठे, तीन बैठका कुठे, त्याला गाढव कधी जुंपणार, असे प्रश्न विचारतो. इंद्राचा रथ युद्धाचा. अश्विनांचा रथ मात्र मदतीला धावून जाणाऱ्या वैद्यांचा आहे. हेच दोघे विश्पलेला धातूचा पाय बसवतात, परावृजाला पायांवर चालवतात, म्हाताऱ्या च्यवनाला तारुण्य देतात. ज्यांच्या दारात पंगू आणि जर्जर माणसे उभी आहेत, त्याच देवांना तीन चाके मिळावीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याहूनही विलक्षण आहे ते चौथ्या मंडलातले ३६ वे सूक्त. ते ऋभूंचे आहे. ऋभू मुळात माणसे, कारागीर. हाताच्या कौशल्यावर त्यांनी देवत्व मिळवले. त्यांनी घडवलेल्या रथाचे वर्णन असे की त्याला घोडा नाही, लगाम नाही, आणि तो तीन चाकांवर अंतराळात फिरतो. दोनच ऋचा पुढे त्यांचे दुसरे काम सांगितले आहे: त्यांचे आईवडील म्हातारे, झिजलेले होते, त्यांना ऋभूंनी पुन्हा तरुण केले, हिंडतेफिरते केले. म्हाताऱ्या आईबापांसाठी तिथे क्रियापद वापरले आहे ते सुताराचे, तासून घडवण्याचे. वैदिक कवीला यात काय अभिप्रेत होते यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. इथे एवढे पुरे की गाडी घडवणे आणि जवळच्या माणसाला हिंडतेफिरते करणे ही एकाच हाताची पवित्र कामे म्हणून एका सूक्तात शेजारी बसली आहेत. त्या हाताला तिथे देवत्व दिले आहे. अर्धे फळ कापल्याची भाषा तिथे नाही.

मराठी मनाला मात्र वेदापेक्षा कूर्मदासाची कथा जवळची. महिपतीच्या ‘भक्तविजया’त ती आली आहे. कूर्मदास पैठणचा. त्याला हात नव्हते, पाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि तो पोटावर सरकत निघाला. पैठणहून पंढरपूरला जायचे म्हणजे बालाघाटाचा पट्टा ओलांडणे आले. एकनाथांची पालखी आजही शिरूर कासार आणि पाटोदा तालुक्यांतूनच जाते. कूर्मदास माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोचला. पुढे सरकणे शक्य नव्हते, एकादशी तोंडावर आली होती. त्याने वाटेने जाणाऱ्या वारकऱ्यांकडे निरोप दिला आणि विठ्ठल स्वतः लऊळला आला. कूर्मदासाचे मंदिर तिथे आहे.

या कथेचे दोन अर्थ सहज निघतात आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला कठोर: बघा, हातपाय नसून तो सरकत गेला, मग तुम्ही चाके कशाला मागता? दुसरा गोडगोड: देव येतोच घरी, मग जायचे तरी कशाला? पहिल्या अर्थात एका असामान्य भक्ताची इच्छा सगळ्या दिव्यांगांवर सक्ती म्हणून लादली जाते. कूर्मदासाला सरकत जायला कोणी लावले नव्हते. आठ वर्षांच्या मुलाच्या पोटाची सालटी काढून कोणाचेही पुण्य वाढत नाही. दुसऱ्या अर्थात त्याची ओढच पुसली जाते. देव लऊळला आला, पैठणला नाही. कूर्मदासाने घर सोडले होते, वाट घेतली होती, आणि आपली मर्यादा जिथे आली तिथे ती लपवली नाही. निरोप दिला, मदत मागितली. त्या निरोपाशिवाय कथा पुढे जात नाही. दुसऱ्या वारकऱ्यांच्या पायांवर त्याचा निरोप पंढरीला पोचला. दुसऱ्याच्या पायांची मदत घेणे इथे भक्तीत कमीपणाचे ठरलेले नाही, उलट त्यामुळेच भेट घडली आहे.

आणि संत तरी पंढरीला कसे जातात? तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. आळंदीहून माऊलींच्या पादुका आधी गळ्यात बांधून नेत असत. एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकरांनी सोहळ्याला शिस्त दिली, अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे आले. आज पालखी रथात असते, रथाला बैल असतात, आणि पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटात त्या रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. पायांच्या खुणा चाकांवर बसून जातात आणि लाखो लोक त्यांच्यापुढे मागे चालतात. माऊलींची वारी अर्धी झाली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. चढ आला की जोर वाढवायचा, ही तिथली रीत आहे. तीच गडावर ढकलगाडीला लागू करायला काय हरकत?

कठोपनिषद तर याच्याही मुळाशी जाते. देह हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, आणि आत्मा आत बसलेला. ही मांडणी मनापासून मान्य केली तर पायी जाणारा धडधाकट वारकरीही बसूनच निघाला आहे. त्याचे वाहन कातडीचे, दुसऱ्याचे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे. यावर कोणी म्हणेल, मग मोटारवाल्यालाही सूट द्या. ती द्यायचे कारण नाही, कारण मत्स्यपुराणातले तीन शब्द अजून आपल्या हातात आहेत. ज्याला चालता येते आणि जो केवळ तोऱ्याने बसतो, त्याने ते स्वतःला विचारावे.

खरा अवघड प्रश्न ढकलणाऱ्याचा आहे. श्रावणाने आईवडिलांना कावडीत घातले, ही गोष्ट आपण श्रावणाची म्हणून सांगतो. त्या आंधळ्या म्हातारा-म्हातारीला वाटेत कुठे थांबावेसे वाटले, हे कोणी सांगत नाही. सेवेचा हा धोका आहे. सेवकाचे पुण्य इतके मोठे होते की बसलेला माणूस त्याचे ओझे बनून राहतो. सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णाने पुरुष आणि प्रकृतीसाठी पांगळ्या-आंधळ्याचा दृष्टांत दिला आहे. त्यात मात्र पांगळा ओझे नाही. तो बघतो, दिशा देतो. त्याच्याशिवाय चालणाऱ्याचे पाय भटकतील. गाडीची निवड करताना हा दृष्टांत पुढे ठेवला तर सगळा क्रम बदलतो. मूठ आपल्या उंचीला बरी आहे का, गाडी आपल्या मोटारीच्या डिकीत मावते का, हे मागे जाते. त्याला पुढचे दिसते का, हे पुढे येते. मान टेकायला आधार आहे का? पावसाचे प्लॅस्टिक त्याच्या तोंडावर येते का? तो ‘थांब’ म्हणाला तर मागच्याला ऐकू जाते का? आणि ज्याच्या हातांत बळ आहे त्याला ढकलगाडीत बसवावेच का?

न्यूरेंबर्गचा घड्याळजी स्टेफान फारफ्लर याने या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर १६५५ साली दिले. त्याचे पाय निकामी होते. घड्याळाच्या दातेरी चाकांचे ज्ञान वापरून त्याने स्वतःसाठी तीन चाकांची, हाताने फिरवायची गाडी केली. आपल्याकडे रस्त्यावर दिसणारी हातपेडलची तीनचाकी तिच्याच कुळातली. कानपूरची अलिम्को ही १९७२ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी अशा तीनचाक्या बनवते आणि शिबिरांतून त्या गावोगाव पोचतात. सपाट रस्त्यावर ती माणसाला स्वतःचा मालक करते. गडाच्या चढावर मात्र हात थकतात, तिथे मागून जोर हवा. चांगला सोबती मागून फक्त तेवढाच जोर देतो आणि पुढचे चाक बसलेल्याच्या हातात राहू देतो.

तान्ह्या बाळांचे वेगळे आहे. बाळाला यात्रेची इच्छा नसते, ती आईची असते, आणि त्यात गैर काही नाही. त्याला गडावर नेणे म्हणजे त्याला आपल्या माणसांत नेणे. पण मग निवड त्याच्या देहाकडे बघूनच व्हावी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी फिल बेक्लर या पत्रकाराने १९८४ साली मुलाला घेऊन धावता यावे म्हणून बाबागाडीला सायकलची चाके लावली. तीन मोठ्या चाकांच्या आजच्या बाबागाड्या त्या प्रयोगातून आल्या. त्या दणकट दिसतात म्हणून त्यात महिन्या-दोन महिन्यांचे बाळ घालून खडबडीत वाटेने नेऊ नये. साधारण सहा महिन्यांपर्यंत मान हिसके सोसत नाही. एकादशीच्या दाटीत तर गाडी घरीच ठेवावी. तिथे बाळाचे तोंड लोकांच्या गुडघ्यांच्या उंचीवर येते, धूळ त्याच्याच नाकात जाते आणि मागून रेटा आला तर गाडी वळवायला जागा नसते. त्या गर्दीत आईच्या छातीशी बांधलेली झोळीच योग्य. गाडीचा दिवस वेगळा निवडावा, एकादशी सोडून कुठलाही साधा वार. नगद नारायण तेव्हाही तिथेच असतो.

उरतो तो शेवटचा टप्पा, महाद्वाराचा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सार्वजनिक इमारतीची व्याख्या करताना धार्मिक वापराच्या इमारती नाव घेऊन मोजतो. त्या चाकांना खुल्या असाव्यात हा आता उपकाराचा विषय राहिलेला नाही. तरी अनेक देवळांत चाकांना उंबऱ्यापाशी अडवतात, कारण ती बाहेरच्या चिखलातून आलेली असतात. सोवळ्याचा हा विचार खोटा नाही. देवळात चिखल नेऊ नये. पण ज्याच्या गाडीला अडवले त्याच्यासाठी चाक हे पादत्राण नव्हे, पायच आहे, आणि पायांसाठी देवळाचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: धुवायचे आणि आत यायचे. पाय काढून बाहेर ठेवा असे कोणाला सांगत नाहीत. महाद्वारापाशी पाण्याचा नळ, एक ब्रश, जाड गोणपाट आणि उंबऱ्यावर टाकायची एक लाकडी फळी, एवढ्यात काम होते. ज्या संस्थानाला हे पुरेसे वाटत नसेल त्याने आतल्या वापराची स्वतःची स्वच्छ चाकखुर्ची ठेवावी आणि गाडीतून तिच्यात बसवताना आधी त्या माणसाला विचारावे. चार हातांनी न विचारता उचलून गाभाऱ्यात नेणे हे फार प्रेमाने केले जाते. पण ज्याला उचलले जाते त्याला दर्शनाच्या क्षणी देवाऐवजी आपल्या काखेतले हात आणि सुटलेले कपडेच जाणवत राहतात. त्याला विचारायला दोन सेकंद लागतात, आणि ‘नको, मी इथूनच बघतो’ असे तो म्हणाला तर तेही दर्शनच समजून रांगेने त्याला वाट द्यावी.